शाळकरी शब्दाचा माग : ‘क्रिकेट’च्या व्युत्पत्तीकडे जाताना

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात गिल्डफर्ड नावाचे गाव आहे. १५९८ च्या जानेवारीत तिथल्या न्यायालयापुढे जमिनीच्या एका तुकड्याचा वाद चालला होता. जागा सार्वजनिक की खासगी, एवढाच प्रश्न होता. साक्षीला उभे राहिले जॉन डेरिक. वय ५९, हुद्दा राणीचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. त्यांनी शपथेवर सांगितले, की गावच्या फ्री स्कूलमध्ये शिकत असताना आपण आणि आपले सोबती याच जागेवर धावत-बागडत ‘क्रेकेट’ आणि इतर खेळ खेळत असू. वयाचा हिशेब केला तर ही आठवण १५५० च्या आसपासची ठरते. जागा पूर्वीपासून सगळ्यांच्या वापरातली होती हे सिद्ध करण्यापुरतेच त्या खेळाचे महत्त्व डेरिकना वाटले असणार. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्या साक्षीत ‘क्रिकेट’ या नावाची आजवर सापडलेली सर्वांत जुनी निःसंशय नोंद मिळते.

या पुस्तकाचा विषय तो एक शब्द आहे. खेळाचा इतिहास, सामन्यांचे वृत्तांत, खेळाडूंची चरित्रे यांची मराठी वाचकाला वाण नाही. नावाचा इतिहास मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रकरणातल्या दोन-तीन ओळींत उरकलेला असतो. ‘मूळ शब्द अमुक, अर्थ काठी’ असे सांगून लेखक घाईने मैदानावर उतरतात. त्या दोन-तीन ओळींमागे फार जुना वाद उभा आहे. त्या वादात कोशकार आहेत, धर्मगुरू आहेत, पुराणवस्तूंचे शौकीन आहेत, देशाभिमानी आहेत आणि दफ्तरखान्यांत आयुष्य घालवलेले संशोधकही आहेत. तो वाद सविस्तर मांडावा एवढा मोलाचा आहे, हे या पुस्तकाचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

मोलाचा म्हणण्याचे पहिले कारण असे, की हा शब्द आपल्याला प्रथम भेटतो तो शाळकरी मुलांच्या खेळाचे नाव म्हणून. डेरिक यांच्या साक्षीत प्रौढांच्या खेळाचा मागमूस नाही. पुढे १६११ मध्ये रँडल कॉटग्रेव्ह यांचा फ्रेंच-इंग्रजी कोश लंडनमध्ये छापला गेला. ‘क्रॉस’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ देताना कॉटग्रेव्ह लिहितात, की पोरे जिने क्रिकेट खेळतात ती वाकडी काठी. त्याच वर्षी ससेक्समधल्या सिडलशम गावच्या दोघा पुरुषांना, ईस्टरच्या रविवारी चर्चला न जाता क्रिकेट खेळल्याबद्दल धर्मन्यायालयाने प्रत्येकी १२ पेन्स दंड केला आणि प्रायश्चित्तही दिले. कोशकाराच्या लेखी तो अजून पोरांचा खेळ आहे आणि न्यायालय त्याच खेळापायी मोठ्या माणसांना शिक्षा करत आहे. शाळकरी मुलांच्या हातून खेळ मोठ्यांच्या हाती जात असताना नेमका त्या क्षणी हे दोन कागद तयार झाले.

नंतरच्या नोंदी बहुतेक कटकटीच्या आहेत. १६२२ मध्ये ससेक्समधल्याच बॉक्सग्रोव्ह गावी चर्चच्या आवारात रविवारी खेळल्याबद्दल काही गावकऱ्यांवर तक्रार झाली. तक्रारीत चर्चच्या खिडक्या फुटण्याची भीती होती आणि एखाद्या लहान मुलाच्या डोक्याला जीवघेणा मार बसेल ही काळजीही होती. १६२४ मध्ये हॉर्स्टेड केन्स इथे फलंदाजाने झेल चुकवण्यासाठी चेंडू दुसऱ्यांदा मारायला काठी फिरवली, ती झेल घ्यायला पुढे आलेल्या जॅस्पर व्हायनल यांच्या डोक्यात बसली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. चौकशीच्या कागदांतून खेळाचा एक नियम आपल्या हाती येतो : झेल घेतला की फलंदाज बाद, हे तेव्हाही होते. एका माणसाच्या मृत्यूमुळे हे आपल्याला कळावे ही विलक्षण दुःखाची गोष्ट आहे. पण आरंभीच्या क्रिकेटविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते बहुतांशी असेच कोणाच्या तरी गुन्ह्यातून, भांडणातून किंवा अपघातातून ठाऊक झाले आहे.

मुलांच्या शब्दांची अडचण इथेच सुरू होते. मुले खेळतात, ओरडतात, नियमांवरून भांडतात, नवी नावे पाडतात, धाकट्यांना शिकवतात आणि मोठी होऊन विसरतात. लिहीत मात्र नाहीत. त्यांच्या तोंडचा शब्द कागदावर येतो तो मोठ्या माणसाच्या हातून, बऱ्याचदा दोन-तीन पिढ्यांनी आणि वेगळ्याच कारणासाठी. त्यामुळे अशा शब्दाच्या पहिल्या नोंदीचे साल आणि जन्माचे साल यांत किती अंतर असेल, याचा अंदाज बांधणे फार कठीण असते. राजाच्या हुकुमातला किंवा व्यापाऱ्याच्या खतावणीतला शब्द यापेक्षा खूप लवकर कागदावर येतो. व्युत्पत्तिशास्त्राची नेहमीची हत्यारे इथे जपून वापरावी लागतात, आणि या पुस्तकाने ती जपून वापरली आहेत.

आता या शब्दाच्या मुळाविषयी जे पक्ष आहेत त्यांची ओळख करून देतो.

सर्वांत जुना पक्ष सॅक्सनवाद्यांचा. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात क्रिकेटचे मूळ काठी या अर्थाच्या जुन्या सॅक्सन शब्दात दाखवले. कुबडीला इंग्रजीत ‘क्रच’ म्हणतात तो शब्द याच घराण्यातला. खेळ इंग्लंडचा, तर नावही इंग्लंडच्या मातीतलेच असणार, ही धारणा या मताला पोषक ठरली आणि एकोणिसाव्या शतकातल्या क्रिकेटप्रेमी लेखकांनी ती उचलून धरली. अर्थाच्या बाजूने यात काही चूक नाही. ध्वनीच्या बाजूने अडते. त्या सॅक्सन शब्दातले शेवटचे व्यंजन इंग्रजीच्या नियमित बदलांनुसार ‘च’ झाले, म्हणूनच आजचा शब्द ‘क्रच’ आहे. ‘क्रिकेट’मधला ‘क’ त्याच वाटेने आला असेल तर तो बदलातून कसा सुटला, हे सांगावे लागते. शिवाय शेवटचा ‘-एट’ हा लघुत्व दाखवणारा फ्रेंच प्रत्यय दिसतो, आणि सॅक्सन शब्दाला तो कुठे आणि कधी लागला हाही प्रश्न उरतो.

दुसरा पक्ष इंग्लिश खाडीपलीकडे पाहतो. मध्ययुगीन डच भाषेत काठीला ‘क्रिक’ असा शब्द होता. क्रिकेटच्या आरंभीच्या नोंदी सापडतात त्या केंट, सरे आणि ससेक्स या आग्नेयेकडच्या परगण्यांत. या भागाचा लोकर आणि कापडाच्या व्यापारामुळे फ्लँडर्सशी शतकानुशतके संबंध होता आणि फ्लेमिश विणकर तिथे येऊन स्थायिकही झाले होते. बॉन विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ हायनर गिलमाइस्टर यांनी हा धागा पुढे नेला. टेनिसच्या सांस्कृतिक इतिहासावरचे त्यांचे काम प्रसिद्ध आहे. क्रिकेटच्या बाबतीत त्यांचे मत असे, की ‘काठी घेऊन चेंडूचा पाठलाग करणे’ अशा अर्थाचा एक अख्खा फ्लेमिश वाक्प्रयोग आखडून हे नाव झाले. कल्पना बुद्धीला मोहवणारी आहे. पण फ्लँडर्समध्ये त्या नावाचा खेळ दाखवणारा समकालीन कागद असल्याखेरीज ती कल्पनेच्या पायरीवरच थांबते.

याच डच घराण्यातला आणखी एक दावेदार म्हणजे ‘क्रिकस्टूल’. चर्चमध्ये गुडघे टेकून बसण्यासाठी वापरायचे हे लांबट, बुटके बाक. जुन्या काळी क्रिकेटची यष्टी उंचीला कमी आणि रुंदीला जास्त होती. दोन खुंट्या आणि त्यांवर एक आडवी काडी, एवढेच. तिचा आकार या बाकासारखा दिसे, म्हणून खेळाला ते नाव पडले असे काहींचे म्हणणे. इंग्लंडच्या बोलींतही लहान लाकडी स्टुलाला ‘क्रिकेट’ म्हणत. ससेक्समध्ये आजही स्टूलबॉल खेळला जातो आणि त्यात मुळात स्टुलाचे रक्षण करायचे असे; त्याच्या शेजारी ठेवून पाहिला तर हा तर्क एकदम हसण्यावारी नेता येत नाही. यष्टीचे इंग्रजी नाव ‘विकेट’ हेही छोट्या दरवाजाचे नाव आहे आणि ते नॉर्मन फ्रेंचमधून आले आहे. म्हणजे ज्यावर नेम धरायचा त्या वस्तूला रोजच्या वापरातल्या वस्तूचे नाव देण्याची खोड या खेळात होतीच.

तिसरा पक्ष फ्रेंचांचा, आणि त्याच्या हाती एक कागद आहे. १४७८ मधल्या एका माफीपत्रात, उत्तर फ्रान्समधल्या सांतोमेरच्या परिसरात एका खेळाच्या जागी झालेल्या जीवघेण्या भांडणाची हकिकत आहे. माणसे चेंडूचा खेळ खेळत होती त्या जागेचे वर्णन करताना तिथे रोवलेल्या खुंटाला ‘क्रिके’ म्हटले आहे. लिहिताना त्याच्या शेवटी न उच्चारला जाणारा ‘ट’ येतो. हा कागद गिल्डफर्डच्या साक्षीहून १२० वर्षांनी जुना आहे. त्यावर झडप घालून ‘क्रिकेट फ्रान्सचेच’ अशी घोषणा करणारेही निघाले. तो कागद शांतपणे वाचला तर दिसते, की तिथे खेळाचे नाव ‘क्रिके’ नाही. ते खुंटाचे नाव आहे, आणि खेळ कोणता तेही त्यावरून ठरत नाही. एवढी मर्यादा मान्य करूनसुद्धा चेंडूच्या खेळाशी जोडलेला, ‘-एट’ प्रत्यय असलेला, ‘काठी किंवा खुंट’ या अर्थाचा शब्द इंग्लंडच्या समोरच्याच किनाऱ्यावर पंधराव्या शतकात होता, हे त्यातून नक्की कळते.

माझ्या मते डच आणि फ्रेंच पक्षांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजणे हीच या वादातली मोठी गफलत आहे. सांतोमेर हा फ्रेंच आणि फ्लेमिश बोलींच्या सीमेवरचा मुलूख. तिथला फ्रेंच ‘क्रिके’ हा शेजारच्या ‘क्रिक’लाच फ्रेंच प्रत्यय लागून झाला असणे अगदी शक्य आहे. मग शब्दाचे मूळ जर्मानिक, त्याची घडण फ्रेंच आणि त्याचे खेळाचे नाव होणे इंग्लंडमधले, असा तीन टप्प्यांचा प्रवास दिसतो. हा प्रवास सिद्ध झालेला नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीनेही मूळ अनिश्चित म्हणूनच नोंदले आहे आणि ते योग्यच आहे. तरी हाती असलेल्या पुराव्याला कमीत कमी ताण देणारे स्पष्टीकरण कोणते, असे मला विचाराल तर मी याच बाजूला उभा राहीन.

पुराव्याला जास्तीत जास्त ताण देणारी स्पष्टीकरणेही या पुस्तकात भेटतील. १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाच्या खर्चाच्या वहीत, पंधरा वर्षांच्या राजपुत्राच्या ‘क्रेआग आणि इतर खेळां’साठी रक्कम दिल्याची नोंद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही वही छापली गेली आणि तेव्हापासून ‘क्रेआग म्हणजेच क्रिकेट’ असे मानणारे लोक आहेत. क्रेआग हा चेंडूचा खेळ होता की नाही, हेही त्या नोंदीत नाही. दोन शब्दांत ‘क्र’ सारखा आहे एवढाच आधार. जोसेफ स्ट्रट यांचे १८०१ चे इंग्रज लोकांच्या खेळांवरचे पुस्तक हा या क्षेत्राचा पहिला मोठा ग्रंथ. त्यात त्यांनी ‘क्लब-बॉल’ नावाच्या एका प्राचीन खेळातून क्रिकेट निघाल्याचे सांगितले. पण चौदाव्या शतकातल्या राजाज्ञेत सापडतो तो ‘काठीने खेळायचा चेंडू’ असा सर्वसाधारण लॅटिन शब्दप्रयोग. स्ट्रट यांच्या हातून त्याला विशेषनाम मिळाले आणि पुढची दीडशे वर्षे तो खेळ पुस्तकांतून पुस्तकांत जात राहिला. स्ट्रट यांच्याविषयी मला आदरच आहे. पोरांच्या खेळांकडे विद्वानाने लक्ष द्यावे ही गोष्टच तेव्हा नवी होती. पण छापील पानावर एकदा आलेले नाव किती चिवट असते, याचे हे उदाहरण आहे.

रातकिड्याच्या इंग्रजी नावाचाही उल्लेख करायला हवा, कारण तेही ‘क्रिकेट’च. ते किरकिर या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आले आहे आणि खेळाच्या नावाशी त्याचे नाते नाही. तरी १५९८ मध्येच छापलेल्या जॉन फ्लोरिओ यांच्या इटालियन-इंग्रजी कोशात एका शब्दाच्या अर्थात रातकिड्याची किरकिर आणि ‘क्रिकेट-अ-विकेट’ खेळणे ही दोन्ही शेजारी-शेजारी आली आहेत. फ्लोरिओंना खरोखर मैदानी खेळ अभिप्रेत होता की मौजमजेचा एखादा चालू शब्दप्रयोग, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

क्रिकेटच्या शेजारी दुसरे एक नाव ठेवून पाहिल्यावर या सगळ्याला खोली येते. ते नाव म्हणजे बेसबॉल. १७४४ मध्ये लंडनचे प्रकाशक जॉन न्यूबेरी यांनी मुलांसाठी एक चिमुकले पुस्तक काढले. प्रत्येक पानावर वर्णमालेतले एक अक्षर, एखाद्या खेळाचे चित्र, चार ओळींची कविता आणि बोधवचन. त्या खेळांत क्रिकेट आहे, स्टूलबॉल आहे आणि ‘बेस-बॉल’ही आहे. मुलाला पुस्तकासोबत चेंडू मिळे आणि मुलीला टाचण्या खोचायची गादी. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. पोरांच्या हाती पडलेली पुस्तके फाटून संपतात. १७४८ मध्ये लेडी हर्वी यांनी एका पत्रात लिहिले, की वेल्सच्या राजपुत्राचे कुटुंब घरातच बेसबॉल खेळत असते आणि हा खेळ शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १७५५ च्या ईस्टर सोमवारी विल्यम ब्रे या अठरा वर्षांच्या तरुणाने जेवणानंतर मित्रमैत्रिणींसोबत बेसबॉल खेळल्याचे रोजनिशीत लिहून ठेवले. तोही गिल्डफर्डच्या परिसरातच. मुलींनीही खेळलेला हा खेळ आहे हे ब्रे यांच्या रोजनिशीत स्पष्ट दिसते, आणि जेन ऑस्टेन यांच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ची नायिकाही लहानपणी क्रिकेट आणि बेसबॉल आवडीने खेळणारी आहे.

पुढे अमेरिकेत हा राष्ट्रीय खेळ झाला आणि त्याचे मूळ परदेशी असणे लोकांना रुचेना. १९०५ मध्ये एक समिती नेमली गेली. तिने १९०७ च्या अखेरीस निर्वाळा दिला, की ॲबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये कूपर्सटाउन इथे बेसबॉल शोधून काढला. आधार काय, तर एका वृद्ध गृहस्थाच्या आठवणी. त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत शिकत होते. तरी १९३९ मध्ये कूपर्सटाउनला खेळाचे भव्य स्मारक-संग्रहालय उघडले. दुसरी बाजू क्रीडापत्रकार हेन्री चॅडविक यांची. बेसबॉल हा इंग्लंडमधल्या राउंडर्सचा वंशज, असे ते सांगत, आणि विद्वानांनी ते बराच काळ मानले. डेव्हिड ब्लॉक यांनी २००५ च्या आपल्या पुस्तकात नोंदी कालक्रमाने मांडल्या तेव्हा दिसले, की ‘राउंडर्स’ हे नाव छापील रूपात भेटते १८२८ मध्ये, बेसबॉलनंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी. बेसबॉलचे सर्वांत जुने छापील नियम तर १७९६ च्या एका जर्मन पुस्तकात आहेत. गुट्समुथ्स नावाच्या शिक्षकांनी शाळेतल्या मुलांसाठी ते लिहिले आणि खेळाला ‘इंग्लिश बेसबॉल’ असेही म्हटले. मुलगा कोण आणि बाप कोण हे नावांच्या नोंदींनी असे उलटे केले.

बेसबॉलची कथा या पुस्तकात मोठी जागा घेते आणि ते योग्य आहे. सालवार मांडणीत केवढी ताकद असते हे तिच्यातून दिसते. क्रिकेटच्या बाबतीत असा निर्णायक कागद अजून मिळालेला नाही.

सगळ्याच खेळांच्या नावांची गत अशी अनिश्चित नाही. टेनिस हे नाव ‘घ्या!’ या अर्थाच्या फ्रेंच हाकेवरून आले, यावर बहुतेकांचे एकमत आहे. ‘सॉकर’ तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनी ‘असोसिएशन’ या शब्दाचा मधला तुकडा तोडून आणि त्याला आपल्या बोलीतला ‘-अर’ प्रत्यय लावून बनवले. रग्बीचे ‘रगर’ही तसेच. विद्यार्थ्यांच्या तोंडी शब्द कसे घडतात हे तिथे जवळून दिसते. मोठे नाव तोडायचे, शेपूट लावायची, आठवडाभरात ते शाळाभर करायचे. सोळाव्या शतकातल्या गिल्डफर्डच्या मुलांनीही शब्द असेच वाकवले असतील, तर कोशकारांनी शोधलेले सुबक मूळ कधीच पुरेसे ठरणार नाही.

अभ्यासाच्या परंपरेविषयी थोडेसे. स्ट्रट यांच्यानंतर १८९४ आणि १८९८ मध्ये ॲलिस गोम यांनी ब्रिटिश बेटांवरच्या पारंपरिक खेळांचे दोन खंड काढले. खेळांमध्ये प्राचीन विधींचे अवशेष पाहण्याचा त्यांचा कल आज मागे पडला, पण त्यांनी गावोगावची नावे टिपून ठेवली ती अनमोल आहेत. जोसेफ राइट यांच्या बोलींच्या कोशाने तेच काम शब्दांच्या अंगाने केले. विसाव्या शतकात आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने मोठ्यांच्या आठवणी बाजूला ठेवून थेट मुलांना विचारले. १९६९ च्या त्यांच्या पुस्तकामागे दहा हजारांहून जास्त मुलांची माहिती होती. त्या पुस्तकात त्यांनी साधनांशिवाय खेळायचे खेळ घेतले. चेंडू, गोट्या यांसारख्या वस्तूंच्या खेळांचे पुस्तक पीटर यांच्या निधनानंतर आयोना यांनी १९९७ मध्ये पूर्ण केले. मुलांच्या बोलण्याला पुराव्याचा मान देणे ही ओपींची देणगी. या विषयावर लिहिणारा कोणीही त्यांच्या ऋणात असतो.

मराठी वाचकाने या वादात का शिरावे? हा शब्द आपल्याकडे आला तो तयार रूपात. १७२१ मध्ये खंबायतच्या किनाऱ्यावर इंग्रज खलाशी क्रिकेट खेळल्याची नोंद आहे आणि १८४८ मध्ये मुंबईच्या पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. त्या शब्दाच्या मुळाशी आपला काही संबंध नाही. ‘क्रीडा’ आणि ‘क्रिकेट’ कानाला जवळचे वाटतात म्हणून त्यांची सोयरीक जुळवणारे भेटतात, पण तिला कोणताही ऐतिहासिक आधार नाही. आपला संबंध आहे तो पद्धतीशी, आणि त्यासाठी आपल्या घरातच एक अव्वल उदाहरण आहे. विटीदांडू खेळताना मुले मोजत : वकट, लेंड, मूंड, नाल. हे अंक मराठी नाहीत. तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु त्यांच्यासमोर ठेवले की नाते उघड होते. इथे खात्री का वाटते? एकच शब्द जुळला असता तर तो योगायोग म्हणता आला असता. इथे अख्खी ओळ त्याच क्रमाने, त्याच अर्थाने जुळते. ज्यांना तेलुगूचा गंधही नव्हता अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांनी हे अंक जपले. ‘चेंडू’ हा शब्दही कन्नड-तेलुगूतल्या ‘चेंडु’शी थेट नाते सांगतो. क्रिकेटच्या मुळाचा शोध घेताना अशी ओळ हाती लागत नाही, एकटा शब्दच असतो, आणि म्हणूनच तिथे निकाल लागत नाही. विटीदांडूचे अंक ज्याने म्हटले आहेत, त्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्याकडे व्युत्पत्तीची हौस मोठी आहे. वि. का. राजवाडे यांच्यापासून ती परंपरा चालत आली. त्यांच्या प्रतिभेने कित्येक शब्दांवर प्रकाश पडला आणि कित्येक शब्द ओढूनताणून संस्कृतापर्यंत गेले. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ हा त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा. मुलांच्या खेळांतल्या शब्दांवर मात्र आपल्याकडे फार थोडे काम झाले आहे. लगोरी, आबाधुबी, गोट्यांतले डाव, ‘राज्य येणे’, ‘टाईमप्लीज’ ही सगळी संपत्ती तोंडी आहे, आणि ज्या अंगणांत ती बोलली जाई ती अंगणे झपाट्याने जात आहेत. क्रिकेटचे मराठीकरण मात्र आपण नीट जपले. जुन्या लेखनातली ‘चेंडूफळी’, आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांच्या समालोचनातून घरोघरी गेलेली परिभाषा, षटक, यष्टिरक्षक, निर्धाव. हे शब्द कोणी, केव्हा वापरले हे आज सांगता येते, कारण त्यांचे बोलणे आणि लिहिणे सार्वजनिक होते. पोरांच्या शब्दांना ते भाग्य नसते.

आज हा विषय हाती घ्यायला आणखी एक निमित्त आहे. गेल्या दोन-तीन दशकांत जुनी वर्तमानपत्रे, पुस्तके आणि दफ्तरे संगणकावर शोधता येऊ लागली. १७४९ मध्ये वेल्सचा राजपुत्र सरेतच बेसबॉल खेळल्याची वर्तमानपत्रातली बातमी ब्लॉक यांना अलीकडेच सापडली, आणि ब्रे यांच्या रोजनिशीची खातरजमा झाली तीही २००८ मध्ये. नव्या नोंदी हाती येऊ लागल्या आहेत. त्याच साधनांनी खोट्या व्युत्पत्त्याही पूर्वीपेक्षा वेगाने पसरतात. २००९ मध्ये, १५३३ च्या सुमाराच्या एका इंग्रजी कवितेतला ‘क्रेकेट’सारखा शब्द फ्लेमिश विणकरांच्या क्रिकेटचा पुरावा म्हणून जगभरच्या बातम्यांत झळकला. ती कविता कोणाची आणि तो शब्द खेळाचा आहे का, हे दोन्ही प्रश्न वादात असल्याचे त्या बातम्यांत क्वचितच आले.

या पुस्तकाने जे करायचे ठरवले आहे ते मर्यादित आहे. क्रिकेटचे मूळ ‘शोधून काढल्या’चा दावा ते करत नाही. प्रत्येक मताखाली कोणता कागद आहे, तो कोणी आणि कशासाठी लिहिला, त्यात प्रत्यक्ष काय म्हटले आहे आणि नंतरच्या लेखकांनी त्यात काय घातले, हे ते वेगवेगळे करून दाखवते. खेळाच्या शेजारचे शब्द, म्हणजे विकेट, बॅट, स्टूलबॉल, बेसबॉल, राउंडर्स, त्याने सोबत घेतले आहेत. खेळांची नावे एकटी जन्मत नाहीत. मैदानावर ती एकमेकांची अवजारे आणि नियम उसने घेत असतात. लेखकाचा स्वतःचा कल कुठे आहे ते लपवलेले नाही, आणि मला ते आवडले. काही ठिकाणी मी लेखकाशी सहमत नाही. क्रिकस्टूलच्या मताला पुस्तकात जेवढे वजन मिळाले आहे तेवढे मी दिले नसते. पण माझे मतभेदाचे मुद्देही मला याच पानांवरच्या पुराव्यातून सापडले.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्या काळी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून गिल्डफर्डची साक्ष मूळ कागदावर १५९७ ची आणि आपल्या गणनेने १५९८ ची आहे. जुन्या पुस्तकांत दोन्ही साले दिसतील. तसेच सोळाव्या-सतराव्या शतकांत स्पेलिंग स्थिर नव्हते. क्रेकेट, क्रिकेट यांतला फरक लिहिणाऱ्याच्या कानाचा आणि सवयीचा आहे. तो वेगळ्या शब्दाचा पुरावा समजू नये.

पुढचा कागद कुठून येईल याचा अंदाज बांधता येतो. केंट, सरे आणि ससेक्सच्या धर्मन्यायालयांचे आणि जहागिरींचे कितीतरी कागद अजून खेळाच्या दृष्टीने कोणी वाचलेले नाहीत. उत्तर फ्रान्समध्ये आरास आणि लील इथल्या दफ्तरांत माफीपत्रे आणि खटल्यांच्या नोंदी पडून आहेत.  पंधराव्या शतकातले फ्लेमिश किंवा पिकार्ड फ्रेंच हस्ताक्षर वाचता येणारा, आणि खेळणाऱ्या पोरांच्या तक्रारीवर थबकणारा अभ्यासक तिथे गेला, तर या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत फ्लँडर्सवरचे प्रकरण नव्याने लिहावे लागेल.